सुधारणा झाली, हे कशावरून?

१६-१७ वर्षांच्या मुलाच्या हातून एखादे अमानुष कृत्य घडले की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, वयाची सबब सांगू नका, कृत्य पाहा आणि त्याला मोठ्यांच्या तुरुंगात घाला. दुसरा म्हणतो, मूल ते मूल. त्यास शिक्षा नको, सुधारणा हवी. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात घडलेल्या अत्याचारानंतर आणि मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने दोन तरुण जीव घेतल्यानंतर हाच वाद जवळजवळ त्याच शब्दांत झाला. पुण्यात तर जामिनाच्या अटींत ३०० शब्दांच्या निबंधाचा समावेश झाल्याने वादास विनोदाचे आणि संतापाचेही खाद्य मिळाले. या साऱ्या गदारोळात उभय पक्षांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली. सुधारणेच्या कार्यक्रमाने काय साधते, हे आपणांस ठाऊक आहे, असे दोघेही मानतात. पहिल्या पक्षाची खात्री, की काहीच साधत नाही. दुसऱ्याची खात्री, की साधतेच. या खात्रीस आधार कोणता असे विचारले, तर दोघेही कोणा एका मुलाची गोष्ट सांगतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण भात एका भांड्यात, एका आचेवर शिजलेला असतो. मनुष्याची मुले तशी शिजत नाहीत.

कायद्याची स्थिती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या बाल न्याय अधिनियमाने १६ ते १८ वयाच्या मुलाविरुद्धचा खटला, अपराध घोर स्वरूपाचा असल्यास, मोठ्या माणसाप्रमाणे चालविण्याची वाट मोकळी केली. घोर म्हणजे ज्यास कायद्याने किमान ७ वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये केला. या वाटेने न जाणाऱ्या मुलास फार तर ३ वर्षे विशेष गृहात ठेवता येते. जो या वाटेने जातो आणि दोषी ठरतो, त्यालाही वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत तुरुंग दाखवावयाचा नाही. त्यास सुरक्षित स्थळी ठेवावयाचे आणि तेथे शिक्षण, हस्तकौशल्य, समुपदेशन, वर्तनोपचार, मानसोपचार हे सारे पुरवावयाचे, असे कायदा स्पष्ट शब्दांत सांगतो. शिवाय अल्पवयीन गुन्हेगारास फाशी नाही आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. या सर्व तरतुदींचा अर्थ एका वाक्यात सांगावयाचा तर असा, की यांपैकी प्रत्येक मुलगा केव्हा ना केव्हा परत येणार आहे. तो १९ व्या वर्षी येईल, २१ व्या वर्षी येईल किंवा ३० व्या वर्षी; परंतु ज्या गल्लीतून त्यास नेले, त्याच गल्लीत बहुधा येईल. कडक शिक्षेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे विसरून चालत नाही आणि सुधारणावाद्यांनीही चालत नाही.

पनवेल हे या प्रश्नाचे एक महत्त्वाचे स्थानक आहे, असे म्हटल्यास वाचकांस कदाचित नवल वाटेल. रायगड जिल्ह्यातील मुलांचे निरीक्षणगृह कर्जतला आहे. तळोज्याचे मध्यवर्ती कारागृह २००८ पासून आपल्याच तालुक्यात, खारघरच्या शेजारी उभे आहे. कायद्याने मुलाच्या पुढे जे दोन रस्ते ठेवले आहेत, त्यांची ही दोन टोके म्हणावयास हरकत नाही. आणि या दोहोंच्या मध्ये आपले शहर पसरले आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालेले हे शहर आता खाडीकाठचे जुने बंदर राहिलेले नाही. कामोठे, कळंबोली, खांदेश्वर, खारघर येथील इमारतींच्या रांगांतून राहणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांना शेजारच्या दारावरील पाटी वाचण्याचीही फुरसत नसते. अशा वस्तीत १६ वर्षांचा मुलगा शाळेतून कधी गळला, कोणाबरोबर हिंडू लागला, हे पोलीस ठाण्यात नोंद होईपर्यंत कोणास कळत नाही. हे प्रश्न झोपडपट्टीतले, आपल्या सोसायटीचा त्याच्याशी संबंध काय, असे मानण्याची सोय मात्र नाही. देशात अल्पवयीनांच्या नावे २०२१ साली ३१,१७० आणि २०२२ साली ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा दोन्ही वर्षी ४ हजारांहून अधिक होता. आणि पकडल्या गेलेल्या मुलांत आईवडिलांजवळ राहणारी मुलेच बहुसंख्य असतात, असे हेच सरकारी ग्रंथ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

किती पकडले हे या ग्रंथांत सापडते. सुधारगृहातून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण पुढील दोन-तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले, किती कामाला लागले, हे त्यांत सापडत नाही. रुग्णालयाने दाखल झालेल्यांची संख्या अभिमानाने छापावी आणि बरे होऊन घरी गेलेले किती व दगावलेले किती, याविषयी मौन पाळावे, त्यातला हा प्रकार आहे. मुंबई इलाख्यात ही संस्थात्मक परंपरा काही कालपरवाची नव्हे. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनची. मुंबईचा बालकांविषयीचा कायदा १९२४ चा. चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ ची. बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ चा. पुढे १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्थाही मुंबईतच निघाली. एवढा वारसा गाठीस असताना आपल्या राज्यास या एका प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येऊ नये, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

कायद्याने मूल्यमापन सांगितलेच नाही, असे कोणी म्हणू नये. २१ वर्षे पूर्ण झाली आणि मुदत शिल्लक असली, की त्या तरुणात सुधारणा घडून आली आहे काय आणि तो समाजास उपयोगी पडेल काय, हे बाल न्यायालयाने पाहावयाचे आहे. परिविक्षा अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल आणि तज्ज्ञांचे मत यांच्या आधारे त्यास सोडावयाचे की उरलेली मुदत भोगण्यास तुरुंगात धाडावयाचे, हे ठरते. केवढा मोठा निर्णय हा! एका बाजूस एका तरुणाचे उभे आयुष्य आणि दुसऱ्या बाजूस ज्या घरातील माणूस त्याने हिरावून घेतला त्या घराची, आणि उद्या त्याच्या वाटेत येणाऱ्या अनोळखी माणसाची सुरक्षितता. परंतु न्यायाधीशासमोर येते काय? संस्थेतील वर्तन चांगले, प्रार्थनेस नियमित, सुतारकामात गती, भांडणतंटा नाही. आम्ही या शेऱ्यांची थट्टा करीत नाही. पण चार भिंतींच्या आत शहाण्यासारखे वागणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि काही मुले ती फार लवकर हस्तगत करतात. उलट, आत सतत धुसफुसणारा, अधीक्षकास उलट उत्तरे देणारा मुलगा बाहेर पडल्यावर मुकाट्याने कष्ट करून पोट भरतो, असेही घडते. कोणत्या शेऱ्याचा बाहेरच्या वर्तनाशी संबंध असतो आणि कोणत्याचा नसतो, हे कळण्याचा मार्ग एकच. पूर्वी सोडलेल्या मुलांचे शेरे काढावेत आणि पुढे त्यांचे काय झाले, याच्याशी ते ताडून पाहावेत. तो ताळा मांडलेलाच नसेल, तर न्यायाधीशाने भरवसा कशावर ठेवावयाचा?

महाराष्ट्रास सुधारणेच्या कल्पनेचे मोठे आकर्षण आहे आणि त्याचे श्रेय बऱ्याच अंशी औंध संस्थानास दिले पाहिजे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली खुनाच्या कैद्यांना मोकळ्या वसाहतीत ठेवण्याचा जो प्रयोग सुरू झाला, त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांतारामांचा १९५७ चा चित्रपट निघाला आणि सहा कैदी व एक तुरुंगाधिकारी घराघरांत पोहोचले. तो चित्रपट पाहून ज्याचे डोळे ओलावले नाहीत असा मराठी माणूस विरळा. त्या प्रयोगाविषयी आम्हांस आदरच आहे. पण डोळे ओलावणे आणि डोळे उघडणे यांत अंतर असते. चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांनी चालविलेला उपक्रमही निष्फळ ठरू शकतो. इतकेच काय, तो अपायकारकही ठरू शकतो, आणि तो चालविणाऱ्यांना किंवा त्यातून गेलेल्यांनाही त्याचा पत्ता लागत नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल म्हणून त्याचा पुरावा देणे भाग आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ ते १९४५ या काळात वाह्यात होण्याची धास्ती असलेल्या ५०६ मुलांच्या जोड्या लावून, जोडीतील एकास समुपदेशक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही पुरविण्यात आले आणि दुसऱ्यास त्याच्या नशिबावर सोडण्यात आले. ३० वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने या मुलांचा, म्हणजे आता प्रौढ झालेल्या गृहस्थांचा, शोध घेतला. साहाय्य मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी कृतज्ञतेने सांगितले, की आमचे फार भले झाले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनी मात्र उलटेच सांगितले. व्यसन, आजार, पुन्हा गुन्हा अशा कित्येक कसोट्यांवर साहाय्य मिळालेले गृहस्थ न मिळालेल्यांपेक्षा मागे होते. जोडीतला दुसरा मुलगा नसता, तर हा उपक्रम आजही आदर्श म्हणून मिरवला असता! तशीच कथा मुलांना तुरुंग दाखवून, कैद्यांकडून दरडावून सरळ करण्याच्या योजनेची. आपल्याकडेही 'एकदा आत नेऊन आणा, म्हणजे ताळ्यावर येईल' असे म्हणणारी वडीलधारी मंडळी थोडी नाहीत. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांच्या तुलना एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलेच पुढे अधिक गुन्हे करताना आढळली.

इंग्लंडचे उदाहरण प्रस्तुत विषयास आणखी जवळचे आहे. तेथे २००१ पासून निर्ढावलेल्या मुलांसाठी एक सघन देखरेखीची योजना चालू झाली. पहिले तीन महिने आठवड्यास २५ तास मुलाशी संपर्क, शिक्षण, कुटुंबाशी बोलणी, शिवाय पायात विजेचे कडे. २००५ च्या अहवालात दिसले, की दोन वर्षांत ९१ टक्के मुले पुन्हा दोषी ठरली. योजनेच्या कैवाऱ्यांनी म्हटले, तसे असो. पण त्यांच्या गुन्ह्यांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरली. हे बरोबर होते. परंतु योजनेत नसलेल्या, तशाच मुलांच्या गुन्ह्यांची संख्याही तशीच उतरली होती. याचे इंगित सोपे आहे. ताप चढून कळसास पोहोचला म्हणजे आपण वैद्याकडे धावतो. त्यानंतर ताप पुष्कळदा आपल्या गतीने उतरतोच. यश मात्र काढ्यास मिळते. मुलगा सर्वांत बेफाम झाला असतानाच त्यास सघन कार्यक्रमात घालतात. त्यानंतर जे उतरते त्यातले कार्यक्रमामुळे किती आणि वयामुळे किती, हे तुलनेवाचून सांगता येत नाही.

मग सारेच व्यर्थ आहे काय? तसे मुळीच नाही, आणि शिक्षावाद्यांनी येथे जरा थांबून ऐकावे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मेंडोटा येथे १९९५ साली एक केंद्र निघाले. इतर सुधारगृहांना न आवरणारी, हाणामारी करणारी, एकांतकोठडीतही न वठणारी मुले येथे आणली जात. शिक्षा वाढवीत गेल्याने मुलगा अधिक चवताळतो आणि तो चवताळला म्हणून शिक्षा आणखी वाढते, हे चक्र तोडावयाचे, हा तेथील उपचाराचा गाभा. मानसतज्ज्ञ हाताशी, मुलाच्या रोजच्या वर्तनाची रोज नोंद आणि तीवर दुसऱ्या दिवशीच्या सवलती अवलंबून. उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या मिळून २४८ मुलांचा सुटकेनंतर सुमारे साडेचार वर्षे मागोवा घेण्यात आला. उपचार न मिळालेल्या गटातील मुलांनी या काळात १६ माणसे मारली; उपचार मिळालेल्यांपैकी एकानेही खून केला नाही. हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. तेव्हा गणित थोडे सैल धरावयास हवे. तरीही १६ आणि शून्य यांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही. खर्च जास्त आला. पण पुढील खटले, तुरुंग आणि रुग्णालये यांचा वाचलेला पैसा मोजला असता एका डॉलरामागे ७ डॉलर परत आले, असा हिशेब तेथील संशोधकांनी २००६ साली मांडला. निर्ढावलेल्यांवर काही चालत नाही, या समजुतीस याहून जोरदार उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

परंतु म्हणून मेंडोट्याची नक्कल कर्जतला उतरवा, असेही आम्ही म्हणणार नाही. मिसुरी राज्यात मुलास घरीच ठेवून आईवडील, शाळा व सोबती यांच्यासह हाताळण्याची एक पद्धत तपासली गेली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, चार वर्षांत पुन्हा पकडले गेलेल्यांचे प्रमाण साध्या समुपदेशनाच्या गटात ७१ टक्के आणि या पद्धतीच्या गटात २६ टक्के भरले. जगभर वाहवा झाली. तीच पद्धत इंग्लंडात ६८४ कुटुंबांवर कसोशीने तपासली, तेव्हा २०१८ साली निष्कर्ष निघाला, की नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा तिचा काही अधिक लाभ नाही. एका मुलखातले औषध दुसऱ्या मुलखात लागू पडेलच असे नाही. विशेषतः ज्या मुलखात आधीची व्यवस्था वेगळी, घरे वेगळी आणि मुलाचे जग वेगळे, तेथे ते पुन्हा तपासूनच घ्यावे लागते.

तेव्हा आमची मागणी मर्यादित आहे. घोर किंवा हिंसक अपराधात गुंतलेला जो जो मुलगा सुधारगृहातून, विशेष गृहातून किंवा सुरक्षित स्थळातून बाहेर पडेल, त्याचे पुढील तीन वर्षांत काय झाले याची नोंद राज्याने ठेवावी आणि दरवर्षी नावनिशी न देता केवळ आकडे प्रसिद्ध करावेत. पुन्हा गुन्हा घडला का, घडला तर पहिल्यापेक्षा सौम्य की भयंकर, शाळा किंवा काम चालू आहे का, राहतो कोठे, जिवंत आहे का, एवढे पाच प्रश्न पुरेत. नवा कार्यक्रम आणावयाचा तर तो सर्व संस्थांत एकदम आणू नये. जागा थोड्या आणि मुले फार, ही स्थिती असणारच. अशा वेळी कोणास आधी घ्यावयाचे, हे अधीक्षकाच्या मर्जीपेक्षा चिठ्ठीने ठरावे. त्यात अन्याय कमी, आणि तुलनेची सोयही आपोआप होते. उपयोगी उपचारापासून काही मुलांना वंचित ठेवणे निर्दयपणाचे नव्हे काय, असा आक्षेप येईल. तो उपचार उपयोगी आहे हे आधी सिद्ध झाले असते, तर आक्षेपास अर्थ होता. मॅसॅच्युसेट्सची वंचित मुलेच शेवटी बरी राहिली, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलाचा भूतकाळ पुसला जावा, त्यास नवी सुरुवात मिळावी, हे बाल न्यायाचे तत्त्व आहे आणि ते आम्हांस मान्य आहे. बहुसंख्य प्रकरणांत दोषसिद्धीची कागदपत्रे नष्ट करावयाची असतात. मग मागोवा घ्यावयाचा कसा? परंतु २०१६ च्या आदर्श नियमांनी ही कागदपत्रे कमाल ७ वर्षे जपून ठेवण्यास मुभा दिली आहे. तीन वर्षांचा मागोवा या मुदतीत आरामात बसतो. नोंद परिविक्षा अधिकाऱ्याकडे राहावी, पोलिसांच्या दप्तरात जाऊ नये आणि मुदत संपताच ती जाळावी. आकडा उरेल, नाव उरणार नाही. मुलाचे नाव मोबाइलवर फिरविणाऱ्या उत्साही नागरिकांमुळे त्याच्या नव्या सुरुवातीचा जेवढा घात होतो, त्याच्या शतांशानेही या नोंदीमुळे होणार नाही.

खर्चाचा आणि माणसांचा प्रश्न राहतो. ज्या जिल्हा संघटनांच्या नावातच 'परिविक्षा व अनुरक्षण' हे शब्द आहेत, त्यांच्या पाटीवर अनुरक्षण उरले आणि प्रत्यक्षात ते निरीक्षणगृहाच्या फाटकाशी संपले, अशी स्थिती असू नये. १८ वर्षांनंतर संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणास मिशन वात्सल्य योजनेतून दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद २०२२ पासून आहे. पनवेलच्या परिसरात त्या रकमेत खोलीचे भाडेही निघत नाही, हे येथील प्रत्येक भाडेकरू सांगेल. म्हणून कामाचा प्रश्न सर्वांत आधी येतो. तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, उरणचे बंदर आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ एवढे हात जवळ असताना १९ वर्षांच्या मुलास वेल्डिंगचे प्रमाणपत्र घेऊन रिकामे फिरावे लागले, तर दोष प्रमाणपत्राचा नव्हे. अर्ज टाकताच चारित्र्याचा दाखला मागितला जातो. बाल न्याय मंडळाने हाताळलेल्या मुलास त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, असे कायदा म्हणतो. कारखानदारांच्या संघटनांनी हे कलम एकदा वाचावे, अशी आमची त्यांना विनंती आहे.

येथे एक स्थानिक अडचण सांगितलीच पाहिजे. पनवेलचे पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाच्या अखत्यारीत, तर महसुली जिल्हा रायगड आणि जिल्हाधिकारी अलिबागला. मुलास पकडणारा हात एका कार्यालयाचा आणि त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी दुसऱ्या कार्यालयाची. त्यामुळे दोहोंच्या मधल्या फटीत मुलगा हरवला, तरी जाब कोणास विचारावा हे कळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, जिल्हा बाल संरक्षण कक्षावर आणि बालगृहांवर देखरेख ठेवण्याचा व त्यांच्या कामाचे मूल्यमापन करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. म्हणजे नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आयुक्तालयातील बाल पोलीस पथक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि कर्जतचे अधीक्षक यांना एका टेबलाशी बसवावे, गेल्या तीन वर्षांत पनवेल तालुक्यातून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलांची यादी बंद पाकिटात मागवावी आणि वर सांगितलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे त्या यादीपुढे भरून घ्यावीत. रकाने रिकामे राहिले तर किती राहिले, हेही जाहीर करावे.